लेव्ह शुबनिकोव्ह

लेव्ह वासिल्येविच शुबनिकोव्ह (२९ सप्टेंबर १९०१ – १० नोव्हेंबर १९३७) हे नीच तापमान भौतिकीच्या क्षेत्रातील सोव्हिएत प्रायोगिक भौतिकशास्त्रज्ञ होते. तीव्र चुंबकीय क्षेत्रात बिस्मथ या धातूचा विद्युत् रोध लाटांप्रमाणे कमीअधिक होतो, हा त्यांचा शोध शुबनिकोव्ह–द हास परिणाम या नावाने ओळखला जातो. शुद्ध धातूची अतिसंवाहकता चुंबकीय क्षेत्रात एकाएकी नष्ट होते, तर मिश्रधातूची दोन टप्प्यांत, हे त्यांनी १९३६-३७ साली खारकोव्ह येथे प्रयोगांनी सिद्ध केले. दुसऱ्या प्रकारच्या अतिसंवाहकांचा अभ्यास येथून सुरू झाला. हे संशोधन प्रसिद्ध झाले त्याच वर्षी स्टालिनच्या दमनसत्रात त्यांना अटक झाली आणि वयाच्या ३६ व्या वर्षी गोळ्या घालून ठार मारण्यात आले. त्यानंतर सुमारे वीस वर्षे त्यांच्या या कामाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

प्रारंभिक जीवन

शुबनिकोव्ह यांचा जन्म सेंट पीटर्सबर्ग येथे एका हिशेबनिसाच्या कुटुंबात झाला. रशियात तेव्हा जुनी पंचांगपद्धती चालू असल्याने काही ठिकाणी त्यांची जन्मतारीख १६ सप्टेंबर अशी आढळते. १९१८ साली, क्रांतीनंतरच्या टंचाईच्या दिवसांत, त्यांनी पेत्रोग्राद विद्यापीठात प्रवेश घेतला.

त्यांना शिडाच्या नौकेतून भटकण्याची आवड होती. १९२१ साली फिनलंडच्या आखातात अशीच नौका हाकताना ते सोव्हिएत हद्द ओलांडून फिनलंडच्या किनाऱ्याला लागले. तेथून त्यांची रवानगी जर्मनीत झाली आणि १९२२ साली ते मायदेशी परतले. तरुणपणीची ही सफर त्या वेळी विसरली गेली असली, तरी परदेशात राहून आलेल्या माणसाकडे संशयाने पाहण्याचे दिवस पुढे येणार होते.

परतल्यावर त्यांनी पॉलिटेक्निक संस्थेत शिक्षण घेतले आणि १९२६ साली पदवी मिळवली. विद्यार्थिदशेतच त्यांनी इव्हान ओब्रेइमोव्ह यांच्याबरोबर धातूंचे मोठे एकस्फटिक वाढवण्याची पद्धत विकसित केली. नेहमीच्या वापरातला धातू हा असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचा वेडावाकडा गठ्ठा असतो. वितळलेला धातू एका टोकाकडून अतिशय सावकाश थंड केला, तर संपूर्ण तुकडा एकच सलग स्फटिक म्हणून गोठतो आणि त्यातील अणूंची रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोडत नाही. १९२४ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत आजही ओब्रेइमोव्ह–शुबनिकोव्ह पद्धत म्हणून सांगितली जाते. शुबनिकोव्ह यांचे पुढचे बहुतेक सर्व यश या हस्तकौशल्यावर उभे राहिले. नमुना निर्दोष असल्याची खात्री असेल, तरच दिसणारा गुण पदार्थाचा की त्यातील मळाचा, हे सांगता येते.

लायडन (१९२६–१९३०)

द्रवरूप हेलियम १९०८ साली प्रथम तयार झाले ते नेदरलंड्समधील लायडन येथे, हाइके कामर्लिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत. ४.२ के. (सुमारे उणे २६९° से.) इतक्या नीच तापमानात पाऱ्याचा विद्युत् रोध एकाएकी नाहीसा होतो, हे १९११ साली तेथेच आढळले. हीच अतिसंवाहकता. रोध नसलेल्या तारेच्या वेटोळ्यातून हवा तेवढा प्रवाह सोडून प्रचंड शक्तीचे विद्युत् चुंबक बनवता येतील, अशी ओनेस यांची अपेक्षा होती. पण ती लवकरच फोल ठरली. सुमारे ६०० गाउस इतक्या साध्या चुंबकीय क्षेत्रातच शिशाची अतिसंवाहकता नष्ट होत होती. थोडक्यात, वेटोळ्याने निर्माण केलेले क्षेत्रच त्याचा घात करीत होते.

ओनेस यांच्यानंतर प्रयोगशाळेची धुरा सांभाळणाऱ्यांपैकी वांडर द हास यांना बिस्मथचे उत्तम स्फटिक हवे होते. त्या निमित्ताने १९२६ साली शुबनिकोव्ह लायडनला गेले. त्यांच्या पत्नी ओल्गा त्रापेझ्निकोव्हा याही भौतिकशास्त्रज्ञ होत्या आणि त्यांनीही लायडनमध्ये काम केले.

बिस्मथमधील अशुद्धी काढण्यासाठी शुबनिकोव्ह यांनी तो धातू पुन:पुन्हा वितळवून स्फटिकरूपात आणला. असा शुद्ध एकस्फटिक द्रवरूप हायड्रोजनच्या तापमानात ठेवून त्यांनी चुंबकीय क्षेत्र वाढवत नेले. क्षेत्राबरोबर रोध सरळ वाढत जाईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो वाढे, किंचित घटे, पुन्हा वाढे. हा चढउतार मोजणीतील दोष नव्हता. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा ठरावीक पायऱ्यांवरच राहू शकतात आणि क्षेत्र वाढेल तशा त्या पायऱ्या सरकतात, त्याचा तो परिणाम होता. १९३० साली हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी द हास आणि फान आल्फेन यांना त्याच प्रयोगशाळेत बिस्मथच्या चुंबकनातही असाच चढउतार दिसला. धातूंतील इलेक्ट्रॉनांची रचना तपासण्यासाठी हे दोन्ही परिणाम आजही जगभर वापरले जातात.

लायडनमध्ये याच सुमारास आणखी एक कोडे पुढे आले होते. द हास आणि फोख्त यांना शिसे व बिस्मथ यांच्या मिश्रधातूत अतिसंवाहकता दहा हजार गाउसांहून अधिक क्षेत्रातही टिकलेली आढळली. शुद्ध शिसे सहाशे गाउसांत हार खाते, मग बिस्मथ मिसळून त्याची शिस्त बिघडवल्यावर ते अधिक चिवट कसे होते, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

खारकोव्ह

१९३० साली शुबनिकोव्ह सोव्हिएत संघात परतले आणि खारकोव्ह येथील युक्रेनी भौतिकी-तंत्र संस्थेत रुजू झाले. ही संस्था १९२८ साली स्थापन झाली होती आणि त्यांचे जुने सहकारी ओब्रेइमोव्ह तिचे पहिले संचालक होते. शुबनिकोव्ह यांनी तेथे सोव्हिएत संघातील पहिली नीच तापमान प्रयोगशाळा उभी केली. त्या काळी द्रवरूप हेलियम उपलब्ध असलेल्या प्रयोगशाळा जगात बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. युक्रेनमध्ये १९३२-३३ साली भीषण दुष्काळ पडून लाखो माणसे मेली. प्रयोगशाळेच्या उभारणीचा काळही हाच होता, हे तिच्या यशाविषयी लिहिताना बहुधा वगळले जाते.

१९३२ साली सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह लांदाऊ खारकोव्हला आले. संस्थेत एकाच नावाचे हे दोन लेव्ह परस्परांचे जवळचे मित्र झाले. पाच-सहा वर्षांतच शुबनिकोव्ह यांच्या गटाने केलेले काम एखाद्या मोठ्या संस्थेला पुरेल एवढे आहे. त्रापेझ्निकोव्हा यांच्यासह त्यांनी लोहगटातील धातूंच्या क्लोराइडांची विशिष्ट उष्णता मोजली. तीत ठरावीक तापमानाला येणारी उसळी हा पुढे प्रतिलोहचुंबकत्व म्हणून ओळखल्या गेलेल्या अवस्थेचा एक आरंभीचा पुरावा ठरला. बोरिस लाझारेव्ह यांच्यासह त्यांनी १९३६ साली घन हायड्रोजनमध्ये अणुकेंद्रांचे क्षीण चुंबकत्व मोजून दाखवले. परंतु त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम अतिसंवाहकतेवरील आहे.

अतिसंवाहकता कशी मोडते

१९३३ साली बर्लिनमध्ये माइस्नर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखवले की, अतिसंवाहक पदार्थ केवळ रोधहीन नसतो, तर तो आपल्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्र बाहेर हाकलतो. शुबनिकोव्ह आणि र्‍याबिनिन यांनी पुढच्याच वर्षी शिशाच्या बाबतीत हे पडताळून पाहिले. शुद्ध शिशात क्रांतिक क्षेत्रापर्यंत चुंबकीय क्षेत्राला मज्जाव असतो. ती मर्यादा ओलांडताच क्षेत्र आत शिरते आणि त्याच क्षणी अतिसंवाहकताही संपते.

मिश्रधातूंचे वर्तन मात्र या चौकटीत बसत नव्हते. शुबनिकोव्ह व र्‍याबिनिन यांच्या १९३५ सालच्या मोजण्यांत चुंबकीय क्षेत्र बऱ्याच आधी आत शिरू लागे, पण रोध पुढे कितीतरी मोठ्या क्षेत्रापर्यंत शून्यच राही. ऑक्सफर्डमध्ये काम करणारे कुर्ट मेंडेलसोन यांनी त्याच वर्षी स्पंजाची कल्पना मांडली. मिश्रधातू सर्वत्र सारखी नसते. तिच्यात वेगळ्या घटनेच्या चिवट धाग्यांचे जाळे असते, क्षेत्र मधल्या पोकळ्यांत शिरते आणि धागे तेवढे अतिसंवाहक राहतात, असा त्याचा आशय होता. ही कल्पना सोपी आणि पटण्याजोगी असल्याने ती दीर्घकाळ टिकली. तिच्यामुळे मिश्रधातू म्हणजे मळके, अविश्वसनीय नमुने, गंभीर अभ्यासाला निरुपयोगी, असा समजही पसरला.

या कल्पनेची खरी परीक्षा घ्यायची, तर सर्वत्र एकजिनसी असलेली मिश्रधातू हवी होती. ओब्रेइमोव्ह यांच्याबरोबर शिकलेली विद्या येथे कामी आली. शुबनिकोव्ह, खोत्केविच, शेपेलेव्ह आणि र्‍याबिनिन यांनी शिशात थॅलियम निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून एकस्फटिक तयार केले. द्रवणबिंदूच्या किंचित खालच्या तापमानात ते दीर्घकाळ ठेवल्याने दोन्ही धातूंचे अणू एकमेकांत समप्रमाणात पसरले. स्पंजातील धागे असतील, तर ते अशा नमुन्यात उरणार नाहीत, अशी ही योजना होती.

धागे उरले नाहीत, पण दोन टप्पे मात्र कायम राहिले. थॅलियम अगदी थोडे असेपर्यंत मिश्रधातू शुद्ध शिशासारखीच वागे. ठरावीक प्रमाणानंतर तिचे वर्तन बदले. एका खालच्या क्रांतिक क्षेत्राला चुंबकीय क्षेत्र आत झिरपू लागे आणि वरच्या क्रांतिक क्षेत्राला अतिसंवाहकता पूर्ण नाहीशी होई. थॅलियम जितके अधिक, तितके पहिले क्षेत्र खाली आणि दुसरे वर सरके. शुद्ध धातूत बांध फुटावा तसे क्षेत्र एका क्षणी आत घुसते. येथे बांध उभा असतानाच पाणी पाझरत होते. याचा अर्थ, हा प्रकार नमुन्यातील दोषाचा नव्हता. एकजिनसी पदार्थाची ती स्वतःची वेगळी अवस्था होती. हे निष्कर्ष १९३६ आणि १९३७ साली प्रसिद्ध झाले. दोन क्रांतिक क्षेत्रांमधल्या या अवस्थेला आता शुबनिकोव्ह अवस्था असेही म्हणतात.

लांदाऊ त्याच संस्थेत होते आणि १९३७ साली त्यांनी शुद्ध अतिसंवाहकांच्या मध्यस्थ अवस्थेचा सिद्धांतही मांडला. मिश्रधातूंच्या कोड्याचा सिद्धांत मात्र तेव्हा निघाला नाही, आणि तो निघण्याजोगी परिस्थिती खारकोव्हमध्ये उरलीही नाही.

अटक आणि मृत्यू

१९३७ साली दमनसत्र संस्थेपर्यंत पोहोचले. मार्चमध्ये ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ अलेक्झांडर वाइसबर्ग यांना अटक झाली. लांदाऊ त्याआधीच मॉस्कोला निघून गेले होते. ६ ऑगस्ट १९३७ रोजी शुबनिकोव्ह यांना पकडण्यात आले. संस्थेत हेरगिरी आणि घातपात करणारा गट चालवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. कोठडीत त्यांच्याकडून कबुलीजबाब लिहून घेण्यात आला. उघड खटला चालला नाही. १० नोव्हेंबर १९३७ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. संस्थेतील व्हादिम गोर्स्की आणि लेव्ह रोझेंकेविच या दोन भौतिकशास्त्रज्ञांचाही त्याच सुमारास असाच अंत झाला. ओब्रेइमोव्ह यांना पुढच्या वर्षी अटक झाली. लांदाऊ यांनाही एप्रिल १९३८ मध्ये मॉस्कोत पकडण्यात आले आणि प्योत्र कापित्सा यांच्या प्रयत्नांनी वर्षभराने त्यांची सुटका झाली. शुबनिकोव्ह यांच्यासाठी अशी धाव घ्यायला वेळच मिळाला नव्हता. अटक आणि मृत्यू यांत जेमतेम तीन महिन्यांचे अंतर होते.

अटकेच्या वेळी त्रापेझ्निकोव्हा गरोदर होत्या. पतीला नेल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना मुलगा झाला. पती जिवंत नाहीत हे त्यांना कित्येक वर्षे सांगण्यात आले नाही. नंतर जे सांगितले गेले तेही खोटे होते: मृत्यूचे वर्ष १९४५ असे देण्यात आले. जुन्या संदर्भग्रंथांत हेच वर्ष छापलेले आढळते. खरी तारीख सोव्हिएत काळातील कागदपत्रे खुली झाल्यावर उजेडात आली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात शासनाने शुबनिकोव्ह यांना मरणोत्तर निर्दोष ठरवले होते. त्रापेझ्निकोव्हा लेनिनग्राडला परतल्या आणि भौतिकीतच राहिल्या. त्यांनी पतीविषयी लिहिलेल्या आठवणी हे शुबनिकोव्ह यांच्या चरित्राचे एक मुख्य साधन आहे. १९९७ साली त्यांचे निधन झाले.

पातळ पटले आणि शोधाचे पुनरुज्जीवन

शुबनिकोव्ह यांचे निष्कर्ष पुन्हा प्रकाशात आले ते मिश्रधातूंच्या नव्हे, तर पातळ धातुपटलांच्या वाटेने. १९५० साली लांदाऊ आणि व्हिताली गिंझबुर्ग यांनी अतिसंवाहकतेचा एक सिद्धांत मांडला. मॉस्कोमध्ये कापित्सांच्या संस्थेत निकोलाय झाव्हारित्स्की हे तरुण संशोधक काचेवर धातूची वाफ बसवून अतिशय पातळ पटले तयार करीत आणि त्यांची क्रांतिक क्षेत्रे या सिद्धांताशी ताडून पाहत. आरंभी मेळ चांगला बसला. पण अलेक्झांडर शालनिकोव्ह यांना त्या पटलांचा दर्जा मान्य नव्हता. काच उबदार असेल, तर अणू सरकून त्यांचे ढेकूळ बनतात. म्हणून काच द्रवरूप हेलियमच्या तापमानात ठेवावी, असा सल्ला त्यांनी दिला. थंड काचेवर पडलेला अणू पडेल तेथेच चिकटतो आणि पटल सलग, पण अंतर्यामी पूर्ण अव्यवस्थित तयार होते. अशा पटलांचे आकडे मात्र सिद्धांताशी जुळेनात.

झाव्हारित्स्की यांचे मित्र अलेक्सेइ अब्रिकोसोव्ह यांना याचे कारण सापडले. अतिसंवाहक भाग आणि सामान्य भाग यांच्या सीमेवर ऊर्जा खर्ची पडते, असे सर्वजण गृहीत धरीत असत. अव्यवस्थित पदार्थात इलेक्ट्रॉन वारंवार आदळत असल्याने हे गणित उलटते आणि सीमा निर्माण होणेच लाभाचे ठरते. साहजिकच चुंबकीय क्षेत्र शक्य तितक्या बारीक धारांत विभागून आत शिरते. प्रत्येक धारेभोवती विद्युत् प्रवाहाचा एक भोवरा फिरतो आणि हे भोवरे जाळीप्रमाणे ओळीने मांडले जातात. लांदाऊ यांना ही कल्पना सुरुवातीस पटली नाही आणि संशोधन १९५७ साली प्रसिद्ध झाले. आपल्या सूत्रांची परीक्षा घेण्यासाठी अब्रिकोसोव्ह यांनी ज्या मोजण्या वापरल्या, त्या शुबनिकोव्ह गटाच्या शिसे-थॅलियम मिश्रधातूंवरील वीस वर्षांपूर्वीच्या होत्या. त्या चांगल्या जुळल्या. भोवऱ्यांची जाळी १९६७ साली एसमान आणि ट्रॉयब्ल यांनी लोहकणांच्या साह्याने प्रत्यक्ष दाखवली. या सिद्धांतासाठी अब्रिकोसोव्ह २००३ सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

ओनेस यांचे स्वप्नही याच वाटेने साकारले. १९६१ साली निओबियम-कथिल संयुगाची अतिसंवाहकता ८८ हजार गाउसांत मोठा प्रवाह वाहत असतानाही टिकते, असे आढळले. रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांचे चुंबक आज निओबियम-टायटॅनियम या दुसऱ्या प्रकारच्या अतिसंवाहक मिश्रधातूच्या तारांचे असतात. अशा तारेत भोवरे जागचे हलले, तर उष्णता निर्माण होते. ते अडकून राहावेत म्हणून तारेच्या रचनेत मुद्दाम दोष ठेवले जातात.

मात्र अव्यवस्था नेहमीच उपकारक नसते. अचुंबकीय अशुद्धीमुळे अतिसंवाहकतेच्या तापमानात फारसा फरक पडत नाही, असे फिलिप अँडरसन यांनी १९५९ साली दाखवले होते, पण अवघ्या काही अणुथरांच्या पटलांत हा नियम टिकत नाही. तेथे इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडकू लागतात, त्यांच्यातील प्रतिकर्षण बळावते आणि भोवरे मोकळे झाले की रोध परत येतो. १९८९ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात हॅविलंड, लिऊ आणि गोल्डमन यांनी थंड पृष्ठावर बिस्मथचे पटल थराथराने वाढवत नेले. अगदी पातळ असताना ते थंड करावे तसा त्याचा रोध वाढे, म्हणजे ते विद्युत् निरोधकासारखे वागे. किंचित जाड होताच रोध शून्याकडे घसरे. चौरसामागे सुमारे ६,४५० ओहम रोध ही दोहोंमधली सीमा निघाली. इतर पदार्थांत ती याच आकड्यावर येते असे नाही. या सीमेवर इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फुटतात की जोड्या शाबूत राहून केवळ अडकून पडतात, याविषयी संशोधकांत अजून एकमत नाही.

बिस्मथचेच एक नवल येथे नोंदवण्याजोगे आहे. अव्यवस्थित पटलाच्या रूपात हा धातू सुमारे ६ के. तापमानाला अतिसंवाहक होतो, पण शुबनिकोव्ह यांनी लायडनमध्ये वाढवले होते तशा शुद्ध एकस्फटिकात अतिसंवाहकता आहे की नाही, हे कित्येक दशके कळले नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शोधून काढली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार ती ०.५३ मिलिकेल्व्हिन, म्हणजे एका केल्व्हिनच्या जवळजवळ दोन हजाराव्या हिश्श्याइतक्या तापमानाखाली अवतरते.